चार नंबरचे तीन पीस

काका,

आज पुन्हा एका माणसाला मी तपासणीच्या यंत्राला शिकवण्यासाठी ग्राइंडिंगवर मुद्दाम पीस जाळायला सांगितलं. पस्तिशीचा ऑपरेटर, चांगला हात असलेला. त्याने मशीन बंद केलं, हात पुसले आणि म्हणाला, "मॅडम, आधी लिहून द्या. तुमच्या सांगण्यावरून जाळले असं लिहा, सही करा, शिक्का मारा. मग तुम्ही म्हणाल तेवढे जाळतो." आजूबाजूचे सगळे हसले. मीही हसले. लिहून दिलं, सही केली, शिक्का मारला. त्याने तीन पीस जाळले, माझ्यासमोर त्यांना लाल रंग फासला, मोबाईलवर फोटो काढला आणि तो फोटो मला, स्वतःला आणि युनियनच्या माणसाला पाठवून दिला. पाच मिनिटांत काम फत्ते. मी तपासणीच्या खोलीत येऊन बसले आणि माझ्या डोक्यात अशी काही तिडीक गेली की हातातला चहाचा ग्लास मी टेबलावर आपटला. राग त्याच्यावर नव्हता, त्याने शहाणपणा केला. राग तुमच्यावर होता. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली तरी अजून तुमच्यावरच आहे.

मी कामाला लागले तेव्हा बावीस वर्षांची होते, डिप्लोमा झालेला, आणि त्या अख्ख्या गाळ्यात मी एकटी बाई. नालासोपाऱ्याहून वसईच्या औद्योगिक वसाहतीत यायचं, स्टेशनवरून रिक्षा, आणि गाळ्याच्या दारात पाऊल टाकलं की तीस डोकी वर व्हायची. तुमचं डोकं मात्र खालीच असायचं. मशीन नंबर दोन, ऑपरेटर नंबर चार. गिअरबॉक्सचे शाफ्ट तुमच्याकडे शेवटच्या ग्राइंडिंगला यायचे आणि तुमच्या हातून गेले की थेट तेलात बुडवून पेटीत. पहिल्याच आठवड्यात मी तुमच्या ट्रेमधला एक शाफ्ट उचलून बघितला, मोठ्या कौतुकाने त्यावर बोटं फिरवली आणि परत ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी मला बोलावलंत आणि तोच शाफ्ट समोर धरलात. त्यावर माझ्या चार बोटांचे गंजाचे ठसे उमटले होते, आधार कार्डासाठी घेतात तसे स्वच्छ. "घामाचा हात," तुम्ही म्हणालात. "पोरी, हे पोलाद हाय. कोनी हात लावला ते रातभर लक्षात ठेवतं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुपारी तुम्ही तुमच्या डब्याच्या पिशवीतून जुन्या धोतराचा मऊ तुकडा काढून दिलात, घडी घालून, कडा शिवलेला. काकींनी शिवला असणार. पुढे पीस धरायला मी कित्येक महिने तोच वापरला.

जळलेला पीस म्हणजे काय ते मला तुम्हीच शिकवलंत, पुस्तकात होतं ते नुसतं वाचलेलं होतं. घासणारं दगडी व्हील बोथट झालं, पीस थंड ठेवणारं कूलंटचं पाणी कमी पडलं किंवा घाईघाईत जास्त कट घेतला की पोलादाचा पृष्ठभाग क्षणात तापतो. आधी पिवळट, मग तपकिरी, मग निळा डाग. आतली कडक साल तिथे मऊ पडते आणि पुढे गाडीत गेल्यावर तिथूनच तडा जातो. खरी गोम अशी, की तो डाग घालवता येतो. वर दोन हलके हात मारले की निळं निघून जातं, शाफ्ट आरशासारखा चमकतो आणि मऊपणा आत तसाच राहतो. "भाकर करपली, वरचा काला पापुद्रा खरवडला, म्हनून ती करपली नाय काय?" तुम्ही विचारायचात आणि स्वतःच मान हलवायचात. तुमची एकच मिजास होती. सव्वीस वर्षांत तुमच्या हातून जळका पीस गेला नव्हता. हे तुम्ही स्वतः कधी म्हणाला नाहीत, बाकीचे म्हणायचे, आणि तेव्हा तुम्ही उगाच कूलंटचा पाइप नीट करत बसायचात.

तोवर जळकं ओळखायची एकच खात्रीची रीत होती, ऍसिडची. शाफ्ट ऍसिडमध्ये बुडवायचा, जळला असेल तिथे काळपट पट्टा उठतो. पण बुडवलेला शाफ्ट भंगारात जातो, म्हणून अख्ख्या लॉटमागे एकच बुडवायचा. आणि तो एक कोणता, हे ऑपरेटर ठरवणार. नव्याने डायमंड मारून व्हील धारदार केलं की त्यानंतरचा पहिला पीस सगळेजण ऍसिडसाठी काढून ठेवायचे. तो कशाला जळेल? तुम्ही तेवढे उलटं करायचात. व्हील बोथट व्हायला आलं की डायमंड मारायच्या आधीचा शेवटचा पीस द्यायचात. मी कारण विचारलं तर म्हणालात, "चांगला तर चांगलाच हाय, त्याला कशाला मारतेस ऍसिडात?"

मग गिऱ्हाईक कंपनीने अट घातली आणि ते चुंबकाचं मशीन आलं. डब्याएवढं यंत्र आणि वायरीच्या टोकाला अंगठ्याएवढा सेन्सर. तो शाफ्टवर टेकवून फिरवायचा, तो पोलादाला उलटसुलट चुंबकत्व देतो आणि त्या वेळी पोलादातून जी बारीक खरखर उठते ती आकड्यात दाखवतो. जिथे उष्णतेने साल मऊ पडली तिथे आकडा चढतो, वरून कितीही चमकवलं तरी. पीस फुकट जात नाही, म्हणजे एकच का, सगळेच तपासता येतात. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. तुम्हीही दोनतीनदा येऊन बघून गेलात, हात मागे बांधून, लेकीच्या सासरी आलेल्या व्याह्यासारखे. पण त्या यंत्राला स्वतःची अक्कल नसते. चांगला कोणता, थोडा जळलेला कोणता, पुरता जळलेला कोणता, हे आधी त्याला खरे पीस दाखवून शिकवावं लागतं. गाळा चालवणारे साहेब म्हणाले, चार नंबरकडून करून घ्या, हवा तेवढाच जाळणं त्यालाच जमेल.

दोन दिवस तुम्ही मला उडवून लावलंत. "मी जालायचं? दुसऱ्याला सांग. तीन नंबर मशीनवाला न सांगता जालतो." तिसऱ्या दिवशी मी तुमच्या स्टुलाशेजारी डबा घेऊन बसले आणि उठलेच नाही. मी म्हटलं, काका, तुम्ही नाही केलंत तर हे यंत्र खोटं शिकेल आणि मग चांगल्याला जळका म्हणेल. त्यावर तुम्ही हातातला भाकरीचा तुकडा परत डब्यात ठेवलात. दुपारी तुम्ही स्वतःच्या हाताने कूलंटचा कॉक बंद करता. ठिणग्यांचा रंग बदलतो, तो वास येतो, आणि शाफ्टवर निळी कड धावत जाते. तुम्ही तोंड थोडं बाजूला वळवलेलं आहे. एक हलका, एक मध्यम, एक पुरता. मग पाणी सोडून वरून दोन हात मारता, निळं जातं, तिन्ही शाफ्ट देवळातल्या समईसारखे लखलखतात. आणि त्यानंतर तुम्ही पंच आणि हातोडी उचलता आणि तिन्हींच्या टोकाला आपला चारचा आकडा ठोकता.

"काका, यांच्यावर नंबर कशाला?"

"माज्या हातचे हायेत ना?"

मी लाल रंगाचा डबा आणला होता. लाल म्हणजे नापास, हा सगळ्या कारखान्यांचा कायदा. तुम्ही माझा हात धरलात. तेवढा एकदाच. "लाल नको लावूस. माज्या मशीनवर लाल पीस आजवर कोनी बघितला नाय. कपड्यात गुंडाल आनि तुज्या ड्रॉवरमधी ठेव." मी ऐकलं. धोतराच्या त्याच तुकड्यात गुंडाळून ठेवले. नोंदवहीत लिहायला हवं होतं, तर नवी वही यायची होती. आली की लिहू, असं म्हटलं. मला तेव्हा वाटलं होतं की मी तुमचा मान राखला. आता वाटतं, त्या वेळी मी तुमच्या हातातून हात सोडवून घ्यायला हवा होता आणि तो डबाच्या डबा त्या शाफ्टवर ओतायला हवा होता. कसला मान, काका? तीन जळक्या पिसांवर आपला नंबर ठोकणारा माणूस जगात दुसरा असेल का?

यंत्र शिकलं. तुमचे पीस महिनाभर तपासले, सगळे एका रेषेत, आकडा इकडचा तिकडे होईना. मशीन नंबर तीनचे मात्र दुपारनंतर चढायला लागायचे. तीन नंबरवर कंत्राटी माणूस होता, बिचारा आठ महिन्यांपूर्वी आलेला, आणि साहेबांनी त्याच्या मशीनचा वेग वाढवून ठेवला होता. त्यात त्या उन्हाळ्यात टँकरचं खारट पाणी, कूलंट फाटून जायचं. तुम्ही तुमचं कूलंट घरून आणलेल्या पाण्यात कालवायचात, दोन कॅन, जूचंद्रहून सायकलला बांधून. मी साहेबांना तीन नंबरचे आकडे दाखवले. ते म्हणाले, "यंत्र नवीन, तुम्ही नवीन. आधी हात बसू दे." माल गेला. कंत्राटी माणसांना पंचाचा नंबर दिलेला नव्हता. कायम असेल त्यालाच नंबर. म्हणून त्याच्या शाफ्टवर काहीच नव्हतं, कोरे गेले.

तीन महिन्यांनी तडे गेलेले शाफ्ट परत आले. सतरा शाफ्ट होते, आणि एकावरही नंबर नव्हता. गिऱ्हाइकाची दोन माणसं आली, केबिनमध्ये बसली आणि एकच प्रश्न लावून धरला, हे कोणी केलं? साहेब उठले, तपासणीच्या खोलीत आले, माझ्यासमोर माझा ड्रॉवर उघडला आणि धोतराचं बोचकं उचलून घेऊन गेले. मी मागोमाग गेले. मला वाटलं, यंत्र कसं शिकवलं ते दाखवतायत. त्यांनी ते तीन शाफ्ट टेबलावर ठेवले आणि म्हणाले, "आमचा ऑपरेटर नंबर चार. त्याच्याकडे सापडले. जळालेले पीस वरून पॉलिश करून, नंबर न मारताच सोडत होता. आम्ही कारवाई करतोय." मी म्हटलं, "सर, हे तर..." साहेबांनी वळूनही बघितलं नाही. "मॅडम, चहा सांगा जरा."

आणि मी चहा सांगायला गेले.

परत आले तेव्हा तुम्ही केबिनमध्ये उभे होतात, टोपी हातात. टेबलावरच्या शाफ्टकडे तुम्ही बघितलंत, मग माझ्याकडे. फार वेळ नाही. मग म्हणालात, "नंबर माजाच हाय." बस्स. एवढंच! तुमच्या तोंडाला काय कुलूप लागलं होतं? एक वाक्य, काका. "या पोरीने जालायला सांगितले म्हनून जालले." सहा शब्दांचा खेळ होता. तुम्ही म्हणायचंत, मग त्यांनी मला विचारलं असतं, मग मला बोलावंच लागलं असतं. तुम्ही मला ती सोय ठेवली नाहीत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं माझी दया करायला? मी नवीन होते, कायम व्हायची होते, माझ्यावर शेकलं असतं, हे सगळं तुम्ही त्या एवढ्याशा बघण्यात हिशेबात धरलंत आणि स्वतःच्या सव्वीस वर्षांवर पाणी सोडून मोकळे झालात. थोरपणा करणारी माणसं मला तेव्हापासून सहन होत नाहीत. ज्याने काही नंबर मारला नाही तो तीन नंबरवर राहिला, ज्याने वेग वाढवला तो केबिनमध्ये राहिला, आणि ज्याने प्रामाणिकपणे आपला आकडा ठोकला तोच तेवढा सापडला. हा कुठला न्याय? आणि तुम्ही तो गुपचूप मान्य कसा केलात?

दुसऱ्या दिवशी मी साहेबांकडे गेले, हे तुम्हाला माहीत नाही. दार न वाजवता गेले. म्हटलं, सर, ते पीस तुम्हीच जाळायला लावलेत. त्यांनी चष्मा काढला, पुसला आणि शांतपणे म्हणाले, "मला माहीत आहे." "मॅडम, गिऱ्हाइकाला नाव लागतं. वेग वाढवला असं सांगितलं तर काम बंद होईल, तीस घरं बसतील. तो पुढच्या दोन-तीन वर्षांत तसाही निवृत्त झाला असता." आणि समोर अहवालाचा कागद सरकवला. त्यात लिहिलं होतं, यंत्राने तपासणी केली, ऑपरेटर नंबर चारच्या तीन पिसांत उष्णतेने झालेली हानी आढळली. शब्द न् शब्द खरा होता, हीच त्यातली हलकट गोष्ट. खाली तपासणीसाची सही. ती माझी आहे, काका. माझ्या अंगाचा तिळपापड होत होता आणि त्याच अंगाच्या हाताने मी सही करत होते. तुम्हाला कामावरून काढलं, आणि पुढच्या महिन्यात मी कायम झाले.

तुम्ही घरी आलात तो रविवार होता, सकाळचे दहा-अकरा. नालासोपाऱ्यात तीन जिने चढून, हातात पिशवी, पिशवीत वालाच्या शेंगा आणि पांढरे कांदे. आईने पाणी दिलं, तुम्ही पेला वरून प्यायलात. आईला म्हणालात, "पोरगी हुशार हाय तुमची." मग ती आत गेल्यावर मला म्हणालात, "एका गाल्यात ग्राइंडरवर मानूस पायजे. मना घेतील. पन अख्ख्या वसाहतीत बोलवा जालाय ना, जालके पीसवाला म्हनून. मालक म्हनतो, कोनाचा तरी कागद आन." तुमची नजर फरशीवर. "साधा कागद चालंल. दोन ओली. पीस शिकवन्यासाठी जालले होते. तुजी सही पायजे, बाकी काय नको." काम नसलेल्या त्या चार महिन्यांत तुमच्या हाताची कातडी मऊ पडली होती, बोटांतलं काळं निघून गेलं होतं. ते बघून मला रडूच आलं असतं. मी म्हटलं, काका, काय हे, तुम्ही यायचंत कशाला, निरोप धाडायचात. सोमवारी देते. जेवणाच्या सुट्टीत गेटवर या.

तुम्ही जिन्यात थांबून वळलात आणि म्हणालात, "तुला तरास नाय ना होनार?"

मी म्हटलं, छे.

त्या रात्री मी लिहायला बसले नाही असं नाही. पण ज्या अहवालावर माझी सही, त्याच्या उलट माझीच सही असलेला कागद वसाहतीत फिरणार, गाळ्यागाळ्यांत वाचला जाणार, फिरून साहेबांच्या टेबलावर येणार. दोन ओळी. मी त्या मनात शंभरदा लिहिल्या. आणि नंतर इतकी वर्षं, ज्याने ज्याने विचारलं त्याला मी हेच सांगत आले, आईला, नवऱ्याला, अगदी तुमच्या तेराव्याला काकींनासुद्धा, की काका फार मानी होते, सोमवारी या म्हटलं होतं, आलेच नाहीत, पुन्हा मागितलं नाही, मागितलं असतं तर दिला असता. काकी पदराने डोळे पुसत म्हणाल्या, "त्यांचा सभावच तसा." आणि मी मान डोलावली. तुम्हाला ते काम मिळालं नाही आणि दुसरंही कुठलं मिळालं नाही, हे त्यांनी त्याच दिवशी सांगितलं. तरी मी मान डोलावतच राहिले.

आता ऐका. हे पत्र कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहिता येतंय. तुम्ही आला होतात. सोमवारी सव्वाबाराला तुम्ही गेटवर उभे होतात, इस्त्रीचा सदरा घालून. तुम्ही वॉचमनला माझं नाव सांगितलंत, आणि त्याने परत येऊन तुम्हाला सांगितलं की मॅडम आज कामावर आल्या नाहीत. तुम्ही "बरं" म्हणालात आणि सुट्टी संपेपर्यंत तिथेच थांबलात, मग सायकल घेऊन गेलात. तो वॉचमन खोटं बोलला नव्हता, त्याला जे सांगितलं तेच त्याने तुम्हाला सांगितलं. मी त्या दिवशी कामावर होते, काका. तपासणीच्या खोलीच्या खिडकीतून तुम्हाला बघत होते.